गार, कवेलू आणि गारपगारी : झाडीपट्टीतल्या छपरांचा हिवाळी इतिहास

हिवाळ्यात घराचे छप्पर कसे राखावे, हा प्रश्न काश्मिरात किंवा युरोपात विचारला तर बर्फाच्या भाराचा हिशेब पुढे येईल. भंडारा जिल्ह्यातील वरठीत तोच प्रश्न विचारला, तर उत्तर एका शब्दात मिळेल : गार. आजचा धागा या एका शब्दाभोवती फिरणार आहे. गारेने फुटलेले छप्पर दुरुस्त कसे होते, हा त्यातला सोपा भाग. त्या फुटण्याचा भार गावात कोणकोण उचलीत असे आणि आज कोण उचलतो, हा त्याचा खरा विषय.

प्रथम स्थळ. मुंबई–हावडा मार्गाने गेलेल्या अनेकांनी वरठी पाहिलेले असते, मात्र त्या नावाने नाही. ‘भंडारा रोड’ नावाचे स्थानक वरठीत आहे. भंडारा शहर तेथून दहाबारा किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी. शहराचे नाव फलकावर आणि रूळ दुसऱ्याच गावात, ही भारतीय रेल्वेची जुनी रीत. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या पट्ट्याला लोक ‘झाडीपट्टी’ म्हणतात. धान, तलाव, बांबू आणि दंडार-नाटकांचा हा मुलूख. येथे पाऊस जूनमध्ये येतो, भरपूर येतो, आणि घरे त्याच्यासाठी तयार असतात. छपराला गाफील गाठतो तो मात्र हिवाळा.

असे का होते, हे समजण्यासाठी आधी आकाशाकडे पाहावे लागेल. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेली थंड हवेची आवर्तने इराण-अफगाणिस्तान ओलांडून उत्तर भारतात येतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांतले एखादे जरा दक्षिणेकडे झुकले आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आत शिरले, तर या दोन प्रवाहांची गाठ पडते ती बहुधा विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या माथ्यावर. खाली ओलसर ऊब, वर कोरडी थंडी. ढग उंच चढतो, त्याच्या पोटातले पाण्याचे थेंब गोठतात, आणि वर जाणारा वारा त्या गोठलेल्या कणांना पुन्हा पुन्हा उचलून धरतो. दर खेपेला त्यांच्यावर बर्फाचे एकेक पूट चढत जाते.

मग हेच ढग पावसाळ्यात गारा का पाडत नाहीत? कारण पावसाळ्यात हवा गोठण्याची पातळी पाच-साडेपाच किलोमीटरच्याही वर असते आणि खाली सगळी उबदार, दमट हवा. गार तयार झालीच तरी वाटेतच वितळून थेंब होते. हिवाळ्यात ती पातळी खाली उतरते आणि गार गार म्हणूनच जमिनीवर पोचते. अडीच ते साडेचार सेंटिमीटर व्यासाची गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने आदळू शकते. बोराएवढी गार पिकाला पुरेशी असते. लिंबाएवढी गार छपराची परीक्षा घेते.

आणि माणसांचीही. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीने घेतलेल्या बळींचा हा आजही सर्वांत मोठा आकडा आहे. अशा वेळी डोक्यावर छप्पर असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता ते छप्पर पाहू. झाडीपट्टीतील गरिबाघरचे सर्वांत जुने छप्पर गवताचे आणि धानाच्या तणसाचे. ते स्वस्त होते, उन्हाळ्यात थंड राही, आणि गारेचे त्याला काही भय नव्हते. मऊ गादीवर दगड टाकावा तशी गार त्यात रुतून विरघळे. परंतु ओल धरलेले तणस कुजते, त्यात उंदीर आणि साप राहतात, आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने आळीच्या आळी जळते. म्हणून ज्याला जमले त्याने कवेलू घातले. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांसाठी : तुमचे ‘कौल’ ते विदर्भाचे ‘कवेलू’.

गावठी कवेलू घडवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. कुंभार चाकावर एक निमुळती, दोन्ही तोंडांनी उघडी नळी ओढतो. ती ओलसर असतानाच तिच्या अंगावर समोरासमोर दोन उभ्या चिरा देतो. नळी वाळली की हलका ठोका द्यायचा; तिचे दोन अर्धे होतात. ते आव्यात भाजले की झाले कवेलू. कोणताही साचा नाही, म्हणून कोणतेही दोन कवेलू तंतोतंत सारखे नसतात. बांबूच्या कमच्यांवर आधी उताण्या ओळी मांडायच्या, त्यांच्या जोडांवर पालथ्या ओळी. उताण्या ओळीतून पाणी वाहते, पालथी ओळ जोड झाकते. सबंध उतारावर एकही खिळा नाही. स्वतःचे वजन आणि एकमेकांचा आधार एवढ्यावर ते उभे असते. फक्त आढ्यावर, दोन उतार मिळतात तेथे, माती किंवा चुना.

नेमकी हीच रचना गारेच्या वेळी कामाला येते. गार पडते ती वाकलेल्या, उतरत्या पृष्ठभागावर, त्यामुळे तिच्या माराचा काही भाग घसरून जातो. जे कवेलू फुटते ते एकटेच फुटते. तडा शेजारच्या कवेलूत जात नाही. फुटलेल्या पालथ्याखाली दोन उताण्यांच्या कडा उरतातच. घर गळू लागते, पण उघडे पडत नाही. दुसऱ्या दिवशी घरातला हलक्या अंगाचा पोरगा वर चढतो, फुटके काढतो, परसात रचून ठेवलेल्या राशीतून नवे बसवतो. ती रास हा या छपराचा अविभाज्य भाग आहे, हे लक्षात ठेवा. पूर्व विदर्भातील जुन्या घरांमागे भिंतीला टेकून उभी असलेली शेवाळलेली कवेलूंची ओळ म्हणजे अडगळ नव्हे; ते घराचे राखीव दल आहे.

तरी फेब्रुवारीचा महिना कठीण असे, आणि त्याला कारण छपराच्या वार्षिक चक्रात आहे. कवेलू फेरले जातात उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या आधी. सगळे उतरवायचे, कचरा झाडायचा, सडलेल्या कमच्या बदलायच्या, फुटके वेगळे काढायचे, आणि ओळी पुन्हा मांडायच्या. त्यानंतर पावसाळ्याचे चार महिने आणि हिवाळ्याचे तीन जातात. तोवर वाऱ्याने ओळी हललेल्या असतात, मांजरांनी कोपरे सरकवलेले असतात, आणि वानरांनी काय केलेले असते ते विचारूच नये. जंगलाला लागून असलेल्या गावांत वानरांची टोळी एका सकाळी जेवढी कवेलू फोडते, तेवढी साधी गारपीटही फोडत नसेल! म्हणजे मावठ्याचे ढग येतात तेव्हा छप्पर आपल्या सर्वांत ढिल्या अवस्थेत असते. अनुभवी घरधनी म्हणून दिवाळीनंतर, धानाच्या कापणीची धांदल संपली की, एक हात छपरावर फिरवून घेत. पूर्ण फेरणे नव्हे. सरकलेले जागेवर आणणे, एवढेच.

या कामाला जो माल लागे, त्याचीही सोय गावाच्या व्यवस्थेत बसवलेली होती. माती तलावाची. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले हे तलाव आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या गमतीदार सरकारी नावाने ओळखले जातात. भाजणीला जळण आणि छपराला बांबू जंगलातून. मध्य प्रांतात गावकऱ्यांच्या या हक्काला ‘निस्तार’ म्हणत : घरदुरुस्तीसाठी, शेतीच्या अवजारांसाठी, सरणासाठी लागणारे लाकूड-बांबू विनामूल्य किंवा सवलतीच्या दरात घेण्याचा हक्क. बांबू तोडायचा तोही हिवाळ्यात. पावसाळ्यात वाढीला लागलेल्या बांबूत पिष्ट भरलेले असते आणि त्याला भुंगा लवकर लागतो. हिवाळ्यातला बांबू टिकतो. त्यात चुलीचा धूर रोज कवेलूंच्या फटींतून बाहेर पडताना कमच्यांना धुरी देई. घर काळे होई, बांबू वाचे. आताच्या भाषेत याला देखभाल म्हणता येईल. त्या काळी तो स्वयंपाक होता.

इथवर छपराची गोष्ट झाली. पण गार छपरावर येण्याआधीच तिला अडवणारा एक माणूस गावात असे, आणि या धाग्याचे शीर्षक त्याच्यावरून आले आहे.

गारपगारी. नागपूर प्रांत आणि वऱ्हाडातील ही एक जात. नावातच ‘गार’ आहे. गावावर येणारी गारपीट परतवणे हे तिचे नेमलेले काम. रॉबर्ट व्हेन रसेल हा आयसीएस अधिकारी आणि त्याचे सहकारी रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात गारपगाऱ्यांचे सविस्तर वर्णन आहे. १९११ साली त्यांची संख्या सुमारे ९,००० होती. मूळचे हे नाथपंथी जोगी. गेरूच्या रंगाची वस्त्रे, गळ्यात रुद्राक्ष, मृताला बसलेल्या स्थितीत समाधी देण्याची रीत.

रसेल-हिरालाल यांनी नोंदवलेली पद्धत अशी. रात्री आकाशात धूर आणि ज्वाळा मिसळल्यासारखा काळा-तांबडा रंग दिसला की गारपगारी ओळखे. हातात तलवार घेऊन तो महावीरासमोर, म्हणजे मारुतीपुढे, उभा राही आणि ढग पांगवण्याची विनवणी करी. विनवणी चालली नाही तर धमकी. अंगावरची वस्त्रे फेकून देई, जीव देईन म्हणे. कधी बायकामुले शेजारी उभी करून त्यांनाही मारण्याची भीती देवाला घाली. पूर्वीचे गारपगारी स्वतःच्या अंगावर वार करून घेत अशी आख्यायिका होती. रसेलच्या काळापर्यंत ते बोटातून थेंबभर रक्त काढण्यावर आले होते.

इथे थांबून हसण्याचा मोह होतो. तो आवरा, आणि त्यांच्या उत्पत्तीची कथा ऐका.

राऊत नावाचा एक जोगी एका कुणबी मालगुजाराबरोबर काशीला गेला होता. तिथे असताना त्याने भाकीत केले की अमुक दिवशी आपल्या गावाचे सारे पीक गारांनी जाणार. मालगुजाराने ते वाचवण्याची गळ घातली. जोगी म्हणाला, सगळ्या गावावरची गार मी ओढून माझ्या एकट्याच्या शेतात पाडू शकतो. मात्र माझे जे नुकसान होईल ते तुम्ही सर्वांनी भरून द्यायचे. करार झाला. दोघे परत आले तेव्हा गारपीट होऊन गेली होती, आणि सगळी गार जोग्याच्या शेतात पडली होती. गावाने त्याची भरपाई केली. तोच पहिला गारपगारी. तेव्हापासून मालगुजार आणि कुळे मिळून त्याला वर्गणी देऊ लागली.

ही कथा मला तलवारीच्या प्रसंगापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. गार थांबवता येते, असा दावा तिच्यात नाहीच. गार पडणारच आहे. प्रश्न आहे ती कोणाच्या शेतात पडेल आणि तिची किंमत किती जणांत वाटली जाईल. एकाचे नुकसान सगळ्यांनी थोडे थोडे भरून द्यायचे, आणि त्यासाठी दर सुगीला थोडा वाटा बाजूला काढायचा. याला आपण आज विमा म्हणतो. गारपगाऱ्याचा अधिकार मंत्रात होता असे त्याचे गाव मानत असेल. पण त्या गावाने स्वतःला लावून घेतलेली सवय होती ती वर्गणीची.

विसाव्या शतकाच्या आरंभीच ही सवय मोडत होती. शेतकऱ्यांचा विश्वास उडाल्याने गारपगाऱ्याची मिळकत घटली, पुष्कळ जण त्याला काही देईनासे झाले किंवा कापणीला एखादी पेंढी देऊन वाटेला लावू लागले, आणि त्या जातीतील काही जण खाटांच्या नवारी विणू लागले तर काही शेती करू लागले, असे ग्रंथकारांनी नमूद केले आहे. हा समाज आजही विदर्भात आहे. तलवार आणि ढग यांच्यापलीकडे त्याचे स्वतःचे जगणे आहे, हेही लक्षात असावे.

रसेलच्या लेखणीत साहेबी तुच्छता अधूनमधून डोकावते. पण त्याच वर्षांत युरोपात काय चालले होते ते पाहा. १८९६ मध्ये ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातील विंडिश-फाइस्ट्रिट्झ या गावाचा नगराध्यक्ष आल्बर्ट श्टिगर याने द्राक्षमळे वाचवण्यासाठी ‘गारांच्या तोफा’ उभ्या केल्या. कर्ण्यासारख्या भल्यामोठ्या नळकांड्यांतून दारूचा बार ढगांकडे उडवायचा. पहिली दोनतीन वर्षे योगायोगाने गारा कमी पडल्या आणि युरोपला त्याचे वेडच लागले. इटलीत हजारो तोफा उभ्या राहिल्या, या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. पुढे सरकारी चाचण्यांत या तोफा नापास ठरल्या. त्या चाचण्या चालू असतानाही संरक्षित मळ्यांवर गारा पडल्याच. मारुतीपुढची तलवार आणि श्टिगरची तोफ यांत परिणामाच्या दृष्टीने काही अंतर नव्हते. खर्चात मात्र पुष्कळ होते.

रसेलला आपला ग्रंथ छापलेला पाहता आला नाही. ३० डिसेंबर १९१५ रोजी ‘पर्शिया’ ही प्रवासी बोट क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली, त्यात तो गेला. ग्रंथ १९१६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला.

आता पुन्हा वरठीच्या फलाटावर येऊ, कारण छपराच्या इतिहासातला पुढचा बदल रुळांवरून आला. १८८२ च्या सुमारास नागपूर ते राजनांदगाव ही मीटरगेज वाहिनी सुरू झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली, आणि १८९१ पर्यंत नागपूर थेट आसनसोलच्या कोळशाला जोडले गेले. गावाच्या तलावातली माती, गावाच्या जंगलातला बांबू आणि गावाचा कुंभार या त्रिकोणाबाहेरचे छप्पर आता मालगाडीने येऊ शकत होते.

त्यात पहिले ‘इंग्रजी कवेलू’, म्हणजे मंगलोरी कौल. त्याला इंग्रजी म्हणणे ही एक गंमतच. त्याची मूळ कल्पना फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंची, १८४१ च्या पेटंटची; आणि १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे त्याचा कारखाना काढला तो बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मनाने. सपाट, साच्यात दाबलेले, एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचे हे कौल वानराच्या उडीने सहज सरकत नाही. त्याला दरवर्षी फेरावे लागत नाही. घरधन्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय. मात्र फुटले तर गावचा कुंभार त्याची जोडी लावून देऊ शकत नाही. दुसरे विकतच आणावे लागते. कुंभाराच्या आव्याला लागलेली ही पहिली ओहोटी.

दुसरा आला पन्हळी पत्रा. लोखंडी पत्र्याला लाटांसारख्या घड्या घालून ताकद देण्याचे पेटंट लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या अभियंत्याने १८२९ मध्ये घेतले. १८३७ मध्ये सोरेल या फ्रेंच माणसाने त्यावर जस्ताचा मुलामा देण्याची कृती शोधली. रेल्वेचे गुदाम, बाजाराचे शेड, मग घर, अशा क्रमाने तो आला. गारेने तो फुटत नाही, पोचतो. पण त्याचा शत्रू वेगळा. गारपिटीबरोबर येणारा वारा कडेखाली शिरला की अख्खा पत्रा उचलतो. म्हणून कोणत्याही गावात पत्र्याच्या छपरावर दगड, फुटक्या विटा, जुने टायर ठेवलेले दिसतात. शिवाय थंडीच्या पहाटे घरातली वाफ पत्र्याच्या आतल्या बाजूला लागून थेंब होते आणि अंथरुणावर टपकते. कवेलूंच्या फटींतून ती वाफ निमूट निघून जात असे.

तिसरा प्रकार सिमेंटचा पत्रा. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने १९०० च्या सुमारास सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घालून तो बनवला. १९३० च्या दशकात मध्य प्रांतातच, आजच्या कटनी जिल्ह्यातील कैमोर येथे, त्याचा कारखाना निघाला. गंजत नाही, जळत नाही, पिटाळलेल्या पत्र्यासारखा वाजत नाही. गरिबाचे स्वप्नच. पण ऊनपाऊस खाऊन जुना झालेला हा पत्रा ठिसूळ होतो आणि मोठ्या गारेने त्याला थेट भोक पडते. फुटला तर कवेलूसारखा वीतभर नव्हे, खांबापासून खांबापर्यंत. आणि फुटलेल्या कडेतून उडणारे तंतू श्वासात गेले तर वर्षानुवर्षांनी फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉस निश्चित कर्ककारक म्हणून नोंदवले आहे. गारपिटीनंतर असे तुकडे हाताने मोडू नयेत, झाडूने कोरडे झाडू नयेत; पाणी मारून ओले करून, तोंडाला पट्टी बांधून उचलावेत. इतिहासाच्या धाग्यात ही सूचना अवांतर वाटेल, पण हा इतिहास अजून असंख्य छपरांवर पडून आहे.

दरम्यान गावाची जुनी सोयही कायद्याने बदलत गेली. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि पुढच्याच वर्षी मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. निस्तार कागदावर टिकला, पण बांबू तोडण्यासाठी आता वनखात्याकडे पाहावे लागे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज मानला, आणि जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळायला २०१७ साल उजाडले. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या धड्यात बांबू हे गवत असल्याचे मुलांना शिकवतात. कायद्याला ते शिकायला ९० वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात कमच्यांची किंमत परवडत नाही म्हणून किती कवेलू उतरले असतील, याची कोणी मोजदाद ठेवलेली नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्रावर लागोपाठ गारपिटी झाल्या. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ असा कोणताच विभाग पुरता सुटला नाही. लाखो हेक्टरांवरचे गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंबे गेली. बातम्यांत शेते दिसली, आणि ते योग्यच होते. छपरे क्वचित दिसली.

छपराच्या नुकसानीची मोजणी आज तलाठ्याच्या पंचनाम्यात होते. गारपीट ही केंद्र-राज्य आपत्ती निधीच्या यादीतील मान्य आपत्ती आहे, म्हणजे गारपगाऱ्याच्या वर्गणीची जागा आता एका सरकारी निधीने घेतली आहे, आणि तो निधी गावाच्या वर्गणीपेक्षा कितीतरी मोठा आहे हे मान्य करायला हवे. त्याचा नियम असा की अंशतः पडझड झालेल्या घराला मदत मिळण्यासाठी नुकसान किमान १५ टक्के असावे लागते. पत्र्याच्या घराचा अख्खा पत्रा उडतो. तो मोजता येतो, छायाचित्रात दिसतो. कवेलूचे घर मात्र शंभर ठिकाणी थोडे थोडे फुटते. दुसऱ्या दिवशी पोरगा वर चढून निम्मे सारखे करतो, कारण रात्री पुन्हा ढग येणार असतात. पंचनाम्याचा माणूस तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी येतो. तोवर छप्पर जवळजवळ नीट दिसते, आणि परसातली रास तेवढी संपलेली असते. ती रास कोणत्याही रकान्यात बसत नाही.

आणि ती भरून कशी काढायची? गावठी कवेलू घडवणारे हात कमी झाले आहेत. घरकुल योजनांत स्लॅब आला. गार, वानर आणि वारा या तिघांनाही त्याने एकदम निरुत्तर केले. ज्याने आयुष्यभर दर उन्हाळ्यात कवेलू फेरले, त्याला स्लॅब नको असे शहरात बसून सांगण्यात काही अर्थ नाही. परंतु ज्यांच्या घरावर अजून कवेलू आहे त्यांना आज जुन्या, पाडलेल्या घरांची कवेलू शोधत हिंडावे लागते. एक घर मोडते तेव्हा दुसऱ्या चार घरांची रास भरते.

वरठीत आज सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. तिथे छपराचे पत्रे होत नाहीत. वाहन उद्योगासाठी मिश्र पोलादाच्या कांबी तयार होतात. त्यांचा माल जातो त्याच रुळांवरून कुठूनतरी पत्रेही येतात.

या धाग्याच्या विदर्भातील वाचकांना एक विनंती. घरी सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांना दोन गोष्टी विचारा : गावात शेवटचा आवा केव्हा पेटला, आणि खळ्यावर गारपगाऱ्याचा वाटा काढलेला त्यांनी पाहिला होता का. उत्तर मिळाले तर गावाच्या नावासह लिहून ठेवा.